आप्पांना विचारा : ठाणेदार नेमके निवडून आले कधी?

प्रश्न : आप्पा, नमस्कार. माझा पुतण्या मिशिगनला असतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'आपले श्री ठाणेदार जिंकले'. मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत म्हणून मी गल्लीत शेव-जिलेबी वाटली. नोव्हेंबरमध्ये त्याने पुन्हा तेच टाकलं, 'श्री ठाणेदार जिंकले'. तेव्हापासून ओट्यावरची मंडळी मला सोडत नाहीत. म्हणतात, एक माणूस तीन महिन्यांत एकाच जागेवर दोनदा कसा निवडून येतो? हाई काय भानगड शे? ऑगस्टचं खरं धरायचं की नोव्हेंबरचं?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : भाऊ, जिलेबी वाया गेली नाही. माझं विचाराल तर ती अगदी योग्य महिन्यात वाटली.

ओट्यावरच्या मंडळींचाही दोष नाही. आपल्याला निकाल म्हटला की एकच माहीत. 4 जून 2024 ला धुळ्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. फेरीगणिक जीव टांगणीला, आणि शेवटी 3,831 मतांनी शोभा बच्छाव आल्या, सुभाष भामरे पडले. विजयी उमेदवाराच्या हातात फॉर्म 22 चं प्रमाणपत्र पडलं की विषय संपला. मिशिगनमध्ये मात्र त्याच खुर्चीचे दोन निकाल लागतात. ऑगस्टमध्ये पक्षाच्या आतला, नोव्हेंबरमध्ये पक्षापक्षांमधला. ऑगस्टवालीला प्रायमरी म्हणतात. वर्तमानपत्रं तिचं 'प्राथमिक निवडणूक' करतात आणि वाचणाऱ्याला जिल्हा परिषदेची शाळा आठवते. मी तिला तिकिटाची निवडणूक म्हणतो. तिकीट म्हटलं की खान्देशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी महसूल खात्यात 31 वर्षं काढली, शेवटची बरीचशी निवडणूक शाखेत, अव्वल कारकून म्हणून. त्यातला एक दिवस सांगतो. साल सांगत नाही, गाव तर नाहीच. विधानसभेचे अर्ज भरायची शेवटची मुदत दुपारी तीन. पावणेतीनला एकाच पक्षाचे दोन इच्छुक आवारात हजर, दोघांची माणसं गुलालाच्या गोण्या घेऊन गेटाबाहेर. 2.52 ला एक पोरगा मोटारसायकलवरून आला. त्याने शर्टाच्या आतून लखोटा काढला, घामाने चिंब झालेला. त्यात ए आणि बी फॉर्म. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, ते त्या कागदावर. दोघांपैकी एकाने ते नाव वाचलं आणि तो कोतवालाच्या बाकावर जाऊन बसला. पाच वर्षं त्याने तालुक्यातलं एक लग्न चुकवलं नव्हतं, एक दशक्रिया चुकवली नव्हती. नाव दुसऱ्याचं कोणी केलं, कुठे बसून केलं, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. मी पोच दिली आणि वेळ टाकली, 2.54.

मिशिगनच्या प्रायमरीत हा लखोटा नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार ठरवतात, सरकारी मतपत्रिकेवर, सरकारी खर्चाने. सगळ्याच पदांचं असं नाही बरं का. उपराज्यपाल, ॲटर्नी जनरल अशा काही पदांची नावं तिथेही पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. पण राज्यपाल, सिनेटर, काँग्रेसचे प्रतिनिधी या मंडळींना ऑगस्टच्या घाटातून जावंच लागतं. (तिकडचा राज्यपाल म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा. राजभवनातला नव्हे. आणि काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे. सिनेट हे तिचं वरचं सभागृह.)

आता ठाणेदारांचं. गडी मूळचा बेळगावकडचा, अमेरिकेत जाऊन रसायनांच्या धंद्यात पैसा केलेला. 2018 ला थेट राज्यपालपदासाठी डेमोक्रॅट पक्षाच्या प्रायमरीत उतरले. स्वतःच्या खिशातले एक कोटी डॉलरच्या वर ओतले आणि तिसरे आले, 18 टक्क्यांच्या आसपास मतं. ग्रेचेन व्हिटमर बाईंनी 52 टक्के घेतली आणि पुढे नोव्हेंबरही जिंकला. ठाणेदार खचले नाहीत. 2020 ला डेट्रॉइटमधून राज्याच्या विधानसभेत गेले आणि 2022 ला काँग्रेसच्या 13 व्या मतदारसंघातून उभे राहिले. या मतदारसंघात डेट्रॉइट शहराचा मोठा भाग येतो. तिथे डेमोक्रॅट तिकीट मिळालं की पुढची निवडणूक म्हणजे उपचार. आपल्याकडे काही गावांत मोठ्या घराच्या पॅनलमध्ये नाव आलं की माणूस सदस्य झालाच म्हणून धरतात, तसंच.

2 ऑगस्ट 2022 ला त्या तिकिटासाठी नऊ जण रांगेत होते. मतं फुटली. ठाणेदारांना 28 टक्के, दुसऱ्या क्रमांकाच्या ॲडम हॉलियरना 23 च्या वर. मिशिगनमध्ये निम्म्याहून जास्त मतांची अट नाही, फेरनिवडणूक नाही, ज्याची जास्त तो पुढे. म्हणजे पक्षातल्याच 100 पैकी 72 मतं दुसऱ्यांना पडली तरी तिकीट मिळालं. मग नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवारासमोर 70 टक्क्यांहून जास्त मतं! खरी कुस्ती कोणत्या महिन्यात झाली, तुम्हीच सांगा.

एक गोष्ट जिलेबी वाटताना आपल्या लक्षात येत नाही. डेट्रॉइट कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर. 1955 पासून तिथून काँग्रेसमध्ये कोणी ना कोणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ती साखळी 2023 च्या जानेवारीत तुटली. नऊ जणांत मतं विभागली नसती तर काय झालं असतं, ही चर्चा तिथे खूप झाली आणि तिच्यातला राग मला समजतो.

2024 ला हॉलियर पुन्हा येणार होते, पण छाननीतच गेले. अर्जाबरोबर मतदारसंघातल्या मतदारांच्या किमान 1,000 वैध सह्या लागतात. तपासणीत तेवढ्या भरल्या नाहीत. मला हे वाचून जुन्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. त्या दहांतसुद्धा एखाद्याचं नाव शेजारच्या मतदारसंघात निघायचं आणि रडारड व्हायची. तिकडे हजार! राज्यपालपदाला तर 15,000. 2022 ला रिपब्लिकन पक्षाचे पाच इच्छुक त्याच कारणाने एकदम बाद झाले. त्यात डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुखही होते. सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसं लावलेली. त्या माणसांनी टेबलाभोवती बसून कागद एकमेकांकडे फिरवत सह्या ठोकल्या, म्हणजे प्रत्येक ओळीचं अक्षर निराळं दिसावं. याला तिकडे 'राउंड टेबलिंग' असं भारदस्त नाव आहे. ज्याने रोजगार हमीची हजेरीपत्रकं तपासली आहेत त्याला नवीन काही नाही. उमेदवारांना हे ठाऊक होतं असा पुरावा निघाला नाही, पण नावं गेली ती गेलीच.

तेव्हा ओट्यावर सांगा, 6 ऑगस्ट 2024 ला ठाणेदारांनी तिकीट राखलं, या वेळी निम्म्याहून जास्त मतांनी. आणि 5 नोव्हेंबरला खासदारकी राखली. पुतण्याने दोन्ही वेळा खरंच टाकलं होतं.

प्रश्न : आप्पा, तुम्ही मुलीकडे मिशिगनला राहून आलात म्हणे. तिथे पक्षाचं तिकीट ठरवायला कोणीही मत देऊ शकतं का? मग विरोधी पक्षाच्या लोकांनी मुद्दाम लुळापांगळा उमेदवार निवडून दिला तर? आणि घरी बसून मत देतात हे खरं का?
— एक वाचक ताई, शहादा

उत्तर : ताई, गेलो होतो. लेकीचं बाळंतपण होतं. 2024 च्या जूनपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही दोघं नोव्हाय नावाच्या गावात होतो, डेट्रॉइटपासून गाडीने पाऊणेक तास. हिने सामानात कळण्याचं पीठ पाच किलो घेतलं होतं, ते सप्टेंबरलाच संपलं. पण तो विषय वेगळा.

मिशिगनमध्ये मतदार यादीत तुमच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत असतो, इथे नाही. त्यामुळे प्रायमरीत कोणत्याही पक्षाचं तिकीट ठरवायला कोणीही मत देऊ शकतं. अट एकच, पक्ष एकच निवडायचा. ऑगस्टच्या कागदावर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन असे दोन रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. एका रकान्यात शिरलात की दुसऱ्यात पाय टाकायचा नाही. टाकलात तर दोन्हीकडची पक्षांची मतं बाद.

हे मी जवळून पाहिलं. लेकीकडे ग्रीन कार्ड, तिला मत नाही. जावईबापू नागरिक झालेले. जुलैत त्यांच्या नावाने टपालाने लखोटा आला. 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती केली, तेव्हापासून कारण न देता कोणालाही घरी मतपत्रिका मागवता येते. रात्री जेवणं झाल्यावर जावईबापूंनी टेबल पुसलं, बाळाची बाटली बाजूला सारली आणि पेनने टिकल्या भरायला बसले. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. हिला वाटलं मला राग आला. मी म्हटलं, अगं, 31 वर्षं लोकांना 'मतदानाची गोपनीयता राखा' वाचून दाखवलं, आता जावयाच्या कागदात डोकावू?

पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "बाबा, जरा बघता का? शेरीफ मला तो रिपब्लिकनवालाच हवाय, पण बाकी सगळं इकडच्या रकान्यात आहे." शेरीफ म्हणजे काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. मी चष्मा लावला. वरच्या बारीक अक्षरातल्या सूचना त्यांनी वाचल्याच नव्हत्या. संगणकातला माणूस आहे, सूचना वाचत नाही. म्हटलं, थांबा, पेन ठेवा आधी. ती टिकली भरली असती तर सिनेटपासून खाली सगळं पाण्यात गेलं असतं. मतदान केंद्रावर हेच झालं तर मोजणीचं यंत्र कागद घेताना इशारा देतं आणि नवा कागद मागता येतो. घरच्या टेबलावर इशारा द्यायला एक सासराच होता. शेरीफला त्यांनी नोव्हेंबरमध्ये मत दिलं. तेव्हा हवं तसं मिसळता येतं.

नंतर तो कागद मी पुन्हा पुन्हा पाहिला. शेरीफ निवडून, सरकारी वकील निवडून, खजिनदार निवडून. दस्त नोंदवणारा अधिकारीसुद्धा निवडून! आपल्या दुय्यम निबंधकाने घरोघर जाऊन मतं मागितलेली डोळ्यांसमोर आणा. सांडपाणी आणि नाले बघणारा ड्रेन कमिशनर मिशिगनच्या बहुतेक काउंट्यांत पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो. पावसाळ्यात गटार तुंबलं की कोणाला पाडायचं, हे तिथल्या माणसाला नेमकं ठाऊक असतं. मागच्या बाजूला न्यायाधीश आणि स्थानिक करांचे ठराव, त्यांना पक्ष नाही.

लखोट्याचं आमच्या कर्मचाऱ्यांच्या टपाली मतपत्रिकेसारखंच, फक्त सोपं. आपल्याकडे 13-ए चं घोषणापत्र, त्यावर अधिकाऱ्याचं साक्षांकन, मग 13-बी चं आतलं पाकीट, 13-सी चं बाहेरचं. साक्षांकन राहिलं म्हणून शिक्षकांची किती मतं बाद होताना पाहिली, मोजदाद नाही. तिकडे बाहेरच्या पाकिटावर मतदाराची सही, ती नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, बस. दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी पाकीट गावच्या पेटीत टाकलं. मी बरोबर गेलो होतो. पेटीवर कॅमेरा होता, पोलीस नव्हता. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

मुद्दाम कमकुवत उमेदवार निवडण्याची भीती विचारलीत. असं करणारे असतात, पण थोडे. कारण तिकडे गेलात तर आपल्या पक्षाच्या तिकिटातलं मत हातचं जातं. दुसऱ्या पक्षाच्या माणसांनी चांगल्या मनाने घुसल्याचं उदाहरण मात्र मोठं आहे. 2000 साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मिशिगनमध्ये धाकट्या बुशना जॉन मॅकेन यांनी हरवलं, ते डेमोक्रॅट आणि अपक्ष विचाराच्या मतदारांच्या जोरावर. तिकीट शेवटी बुशनाच मिळालं.

अध्यक्षपदाची प्रायमरी वेगळी असते, ती फेब्रुवारीत उरकतात. 27 फेब्रुवारी 2024 ला डेमोक्रॅटांच्या कागदावर बायडेन यांच्याखाली 'अनकमिटेड' असा पर्याय होता, आपल्या 'नोटा'चा चुलतभाऊ. गाझाच्या युद्धावरून चिडलेल्या लोकांनी त्यावर एक लाखावर मतं टाकली, सुमारे 13 टक्के. आपला नोटा मुका असतो, मोजतात आणि सोडून देतात. त्या मतांना मात्र पक्षाच्या अधिवेशनात दोन प्रतिनिधी मिळाले.

प्रश्न : आप्पा, 2024 ला मिशिगनमध्ये ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी सिनेटला डेमोक्रॅट बाई. एकाच मतदाराने दोन टोकांना मत दिलं? की मोजणीत घोळ?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : घोळ नाही. साडेछप्पन लाखांहून जास्त मतं पडली. अध्यक्षपदाला ट्रम्प सुमारे 80,000 मतांनी पुढे, सिनेटला एलिसा स्लॉटकिन सुमारे 19,000 मतांनी. टक्केवारीत दोन्ही फरक चिमूटभर. काहींनी वर ट्रम्प आणि खाली स्लॉटकिन केलं, काहींनी वरची एकच टिकली भरून बाकी कागद कोरा सोडला. धुळ्याचा फरक आठवा, म्हणजे 19,000 मतं राज्यभरात किती पातळ पसरतात ते कळेल. 2016 ला तर ट्रम्प 10,704 मतांनीच आले होते आणि 2020 ला बायडेन दीड लाखावर. नोव्हेंबरच्या कागदावर अगदी वर एक टिकली असते, ती भरली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एका फटक्यात मत. ती सोय असूनही लोक खाली उतरून निवडतात.

मोजणीबद्दल थोडं. तिकडे आपल्यासारखा एक आयोग नाही. शहराचा आणि टाउनशिपचा, म्हणजे साधारण गावाचा, क्लार्क निवडणूक घेतो, असे 1,500 हून जास्त क्लार्क. मी मुलीच्या शेजाऱ्याला सांगितलं की मीसुद्धा क्लार्क होतो. तो उठून उभा राहिला आणि हात मिळवला. तिकडे टाउनशिपचा क्लार्क लोकांतून निवडून आलेला असतो. मी खुलासा केला नाही.

टीव्हीवर रात्री जे 'जिंकले' म्हणतात तो वृत्तसंस्थांचा अंदाज असतो, हिशेबाने केलेला आणि बहुधा बरोबर. कायद्याचा निकाल नंतर. काउंटीचं चार जणांचं मंडळ आकडे ताडतं, मग राज्याचं चार जणांचं मंडळ शिक्का मारतं. दोन्हीकडे दोन सदस्य एका पक्षाचे, दोन दुसऱ्याचे. 2020 ला बायडेन यांचा निकाल वृत्तसंस्थांनी 4 नोव्हेंबरला दिला, राज्याच्या मंडळाने 23 नोव्हेंबरला मान्य केला. तीन सदस्यांनी होकार दिला, एकाने मत दिलं नाही. एवढे एकोणीस दिवस तिथल्या माझ्यासारख्या कारकुनांनी कसे काढले असतील, याची कल्पना आपल्याकडे फक्त निवडणूक शाखेतल्या माणसाला येईल.

प्रश्न : तिथे बोटाला शाई लावतात का?
— इयत्ता आठवी, चोपडा

उत्तर : नाही बाळा. स्टिकर देतात. 2024 च्या नोव्हेंबरसाठी मिशिगनने स्टिकरच्या चित्रांची स्पर्धा घेतली होती. सगळ्यात गाजला तो एका बारा वर्षांच्या मुलीने काढलेला, अंगातला सदरा टराटरा फाडून आकाशाकडे तोंड करून ओरडणारा लांडगा-माणूस, आणि खाली 'मी मत दिलं'. जावईबापू ऑक्टोबरअखेरीस लवकरच्या मतदानाला गेले, तेव्हा दोन आणले. एक बाळाच्या पाळण्याला लावला. दुसरा माझ्या चष्म्याच्या डबीवर आहे, मुंबईच्या विमानतळावर साहेबाने डबी उघडून पाहिली आणि मला विचारलं, "नातवाची का?"